विश्लेषण : डोळे उघडे, पण प्रतिसाद नाही... मेंदूत जाणीव उरली आहे का? चुंबकाच्या टिचकीने विचारणारी चाचणी

डोक्याला जबर मार लागलेला माणूस काही आठवड्यांनी डोळे उघडतो, पण हाकेला ओ देत नाही. तो आतून जागा आहे की नाही, हे खाटेजवळ उभे राहून ठरवणे अनुभवी डॉक्टरांनाही जड जाते. मेंदूला बाहेरून चुंबकीय झटका द्यायचा आणि त्याच क्षणी त्याची विद्युत हालचाल टिपायची, अशी ‘टीएमएस-ईईजी’ नावाची चाचणी या प्रश्नाला हात घालते. हे यंत्र वऱ्हाडात यायला अजून बराच अवकाश आहे. मात्र त्यामागच्या संशोधनाने दाखवून दिलेली एक गोष्ट अकोला-अमरावतीच्या वॉर्डांत आजपासून लागू करता येते, आणि तिला यंत्राइतका खर्चही नाही.

रस्त्याची नोंद झाली, माणसाची?

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला महामार्गाचे नाव गिनेस बुकात गेले. लोणी ते माना या टप्प्यात ७५ किलोमीटर लांबीचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत अंथरला गेला. वर्षानुवर्षे खड्ड्यांनी कंबरडे मोडलेल्या या रस्त्यावर गाड्या सुसाट धावू लागल्या. त्याच वर्षी देशभरात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ माणसे गेली आणि त्यांत सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. मृतांची गणती होते. जे जिवंत राहतात पण पूर्ण परतत नाहीत, ते ‘गंभीर जखमी’ या रकान्यात मिसळून जातात आणि पुढे त्यांचे काय झाले हे कोणी विचारत नाही.

मूर्तिजापूरजवळ अपघात झाला तर जखमी अकोल्याच्या सर्वोपचार रुग्णालयात किंवा अमरावतीच्या इर्विनमध्ये जातो. प्रकरण हाताबाहेरचे वाटले की नागपूर. शस्त्रक्रिया होते, व्हेंटिलेटर निघतो, एके दिवशी डोळे उघडतात. घरचे पेढे वाटायच्या बेतात असतात. मग लक्षात येते, की डोळे उघडे आहेत पण नजर कुणावर ठरत नाही. आई कानाशी वाकून म्हणते, ‘बापू, माहा हात दाब बरं.’ हात कधी हलतो, कधी नाही. तो मुद्दाम हलला की आपोआप, यावर घरात दोन तट पडतात. डॉक्टर राउंडला येतात त्या पाच मिनिटांत नेमके काहीच घडत नाही.

इथून पुढचे सगळे निर्णय या एका प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असतात. नागपुरात आणखी किती दिवस थांबायचे, वावर गहाण टाकायचे का, फिजिओथेरपी चालू ठेवायची का, की घरी नेऊन नळीने पातळ अन्न देत वाट पाहायची.

‘कोमा’ या एका शब्दात किती अवस्था?

बोलीभाषेत आणि बातम्यांतही या सगळ्याला सरसकट ‘कोमा’ म्हटले जाते. वैद्यकशास्त्रात कोमा म्हणजे डोळे मिटलेले, उठवूनही न उठणारा माणूस. ही अवस्था सहसा काही आठवड्यांपलीकडे टिकत नाही. त्यानंतर डोळे उघडतात, झोप-जागेचे चक्र सुरू होते, पण भोवतालची जाण असल्याची खूण दिसत नाही, तेव्हा तिला पूर्वी ‘व्हेजिटेटिव्ह’ म्हणजे वनस्पतिवत अवस्था म्हणत. माणसाला झाडपाल्याची उपमा देणारे हे नाव २०१० च्या सुमारास युरोपातील तज्ज्ञांना खटकू लागले आणि त्यांनी ‘प्रतिसादहीन जागृती’ अशा अर्थाचे नाव सुचवले. त्याच्या एक पायरी वर ‘किमान जाणीव’ अवस्था. इथे माणूस अधूनमधून, पण हेतुपुरस्सर काहीतरी करतो. नजरेने माणसाचा माग घेतो, क्वचित सांगितलेले ऐकतो. मेंदूमृत अवस्था यांहून पूर्ण वेगळी आहे. तिचे निकष आणि कायदाही वेगळा आहे, आणि या लेखातल्या चाचणीचा तिच्याशी संबंध नाही.

घोटाळा होतो तो प्रतिसादहीन जागृती आणि किमान जाणीव या दोहोंत. बेल्जियममध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ४४ रुग्णांबाबत उपचार करणाऱ्या चमूचे एकमत होते, की हे वनस्पतिवत अवस्थेत आहेत. ठरावीक गुणतक्ता वापरून तपासल्यावर त्यांतले १८ जण किमान जाणिवेत निघाले. म्हणजे शंभरात ४१. हे डॉक्टर निष्काळजी नव्हते. नुसत्या निरीक्षणाची मर्यादाच तेवढी आहे.

माठ वाजवून पाहावा तसे

मेंदूची विद्युत हालचाल टिपणारी ईईजी चाचणी वऱ्हाडात नवी नाही. फिट येणाऱ्या रुग्णाच्या डोक्याला जेल लावून तारा चिकटवतात, ती हीच. जर्मनीतील येना येथील हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये माणसाच्या मेंदूची अशी पहिली नोंद घेतली. शंभर वर्षांनंतरही तिचे मूळ काम तेच आहे: मेंदू आपणहून जे करतो आहे ते ऐकत बसणे.

उन्हाळ्यात बाजारात माठ घेताना गिऱ्हाईक मात्र नुसते पाहत नाही, टिचकी मारते. खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर तडा. टीएमएस-ईईजीत टिचकी मारायला चुंबक आहे आणि ऐकायला ईईजी.

चुंबकाची बाजू ब्रिटनमधील शेफील्ड येथे तयार झाली. अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये डोक्यावर तारेचे वेटोळे धरून, त्यातून क्षणभर प्रचंड वीजप्रवाह सोडून, समोरच्या माणसाचा हात हलवून दाखवला. सुई नाही, चिरफाड नाही. तत्त्व शाळेत शिकवतात तेच, मायकेल फॅरडेचे १८३१ मधील: बदलते चुंबकीय क्षेत्र जवळच्या वाहकात वीज निर्माण करते. इथे वाहक म्हणजे मेंदूची साल. वेटोळ्यातले क्षेत्र एमआरआय यंत्राच्या तोडीचे, सुमारे दीड-दोन टेस्ला असते, पण टिकते सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी. कवटीखाली दोन-तीन सेंटिमीटरपर्यंतच त्याचा जोर पोहोचतो.

ऐकण्याची बाजू जोडणे त्याहून कठीण निघाले. मेंदूचे संकेत काही मायक्रोव्होल्टचे, म्हणजे व्होल्टच्या दहा लाखाव्या भागांचे. त्यांच्या शेजारी चुंबकाचा झटका म्हणजे कुजबुज ऐकताना कानाजवळ फुटलेला सुतळी बॉम्ब. साधे ईईजी यंत्र त्या झटक्याने काही काळ आंधळेच होते, आणि पाहायचे असते ते नेमके त्याच क्षणांत. फिनलंडमधील हेलसिंकी येथे रिस्टो इल्मोनिएमी आणि सहकाऱ्यांनी झटक्याच्या क्षणापुरते यंत्राचे ‘कान’ झाकणारी आणि लगेच उघडणारी रचना केली. झटका एका जागी दिल्यावर तो मेंदूत कुठे कुठे, किती मिलिसेकंदांत पसरतो, हे त्यांनी १९९७ मध्ये दाखवले.

उत्तर आकड्यात कसे येते?

मध्यरात्री गावात एका घराच्या दारावर थाप पडली, अशी कल्पना करावी. सगळे गाव गाढ झोपेत असेल तर त्या एका घरात खुडबूड होते आणि विझते. गाव जागे असेल तर शेजारी विचारतो, पलीकडचा दिवा लावतो, पोलीस पाटलाला फोन जातो, कोतवाल निघतो. प्रत्येक जण वेगळे काही करतो, पण सगळे एकाच थापेशी जोडलेले असते. तिसरी शक्यता अशी, की थापेसरशी अख्खे गाव एका सुरात एकच ओरड करते. गोंगाट मोठा, पण त्यात नवी माहिती काही नाही.

जाणीव असलेला मेंदू दुसऱ्या गावासारखा वागतो. मार्चेल्लो मास्सिमिनी यांच्या गटाने २००५ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात दाखवले, की जागेपणी दिलेला झटका मेंदूभर वळणे घेत फिरतो आणि स्वप्नरहित झोपेत त्याच माणसाला दिलेला तोच झटका जागच्या जागी विरतो. पुढे २०१३ मध्ये या पसरण्याला आकडा देण्यात आला. शेकडो झटक्यांच्या प्रतिसादाची सरासरी काढून तो संगणकावर ‘झिप’ करायचा. एकच ‘शुभ सकाळ’ शंभर वेळा आले असेल तर फाइल चिमूटभर होते. शंभर वेगवेगळी पत्रे असतील तर ती फारशी दबत नाही. मेंदूचे उत्तर जितके दाबता येत नाही, तितका आकडा मोठा. शास्त्रज्ञ गमतीने या पद्धतीला ‘झॅप आणि झिप’ म्हणतात. आकड्याचे नाव पीसीआय. तो शून्य ते एक यांदरम्यान असतो.

२०१६ च्या अभ्यासात तो आधी १५० अशा व्यक्तींवर तपासला गेला, ज्यांना जाणीव होती की नव्हती हे त्यांच्याच तोंडून कळू शकत होते. त्यात निरोगी माणसे होती, तशीच मेंदूला इजा होऊनही संवाद साधू शकणारीही. दोन्ही स्थितींना वेगळे करणारी रेषा ०.३१ वर सापडली. मग किमान जाणिवेतील ३८ रुग्ण तपासले, त्यांतले ३६ रेषेच्या वर आले. वनस्पतिवत ठरवलेल्या ४३ जणांतही ९ जण रेषेच्या वर होते. खाटेजवळ काहीही न दाखवणारे हे नऊ मेंदू टिचकीला जाग्या माणसासारखे वाजत होते.

भुलीच्या औषधांवरचा प्रयोग तर आणखी बोलका आहे. प्रोपोफॉल दिलेल्यांचा आकडा खाली गेला. केटामाइन दिलेलेही बाहेरून तितकेच निश्चल होते, पण त्यांचा आकडा वर राहिला. उठल्यावर त्यांनी सांगितले, की ते लांबलचक, ठसठशीत स्वप्ने पाहत होते.

भाषेशिवाय विचारलेला प्रश्न

छुपी जाणीव शोधण्याचे दुसरे मार्गही आहेत. रुग्णाला ‘मनातल्या मनात टेनिस खेळा’ असे सांगून एमआरआयमध्ये मेंदू पाहण्याचा प्रयोग २००६ मध्ये गाजला. अशाच तऱ्हेने एमआरआय आणि ईईजी वापरून केलेला मोठा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात सांगितलेले काहीच न करणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांचे मेंदू सूचना पाळत असल्याचे आढळले. चौघांत एक. पण या मार्गात रुग्णाला ऐकू यावे लागते, शब्द कळावे लागतात, लक्ष टिकवावे लागते. धारणी-चिखलदऱ्याच्या कोरकू बोलणाऱ्या माणसाला नागपूरच्या अतिदक्षता विभागात हिंदीत किंवा पुस्तकी मराठीत सांगितले आणि त्याने काहीच केले नाही, तर त्याचा अर्थ काय घ्यायचा? आणि टेनिस तर विचारूच नये. टीएमएस-ईईजीत हा अडसर नाही. थाप सरळ मेंदूवर पडते, रुग्णाने समजून घेण्यासारखे काही नसते.

मग यंत्र का मागू नये?

मोह होतो, पण थांबायला कारणे आहेत. ही चाचणी अजून जगभर मोजक्या संशोधन केंद्रांतच होते. वेटोळ्यातून प्रत्येक झटक्याला ‘टक्’ असा मोठा आवाज येतो, डोक्याच्या कातडीला टोचल्यासारखे होते, स्नायू आकसतात. मेंदू या आवाजाला आणि स्पर्शालाही उत्तर देतो. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१९ मध्ये खोटा झटका, म्हणजे फक्त आवाज आणि त्वचेला चुणचुण, देऊन पाहिला तेव्हा नोंद बरीचशी खऱ्यासारखी दिसली. म्हणून कानात आवाज झाकणारा गोंगाट सोडणे, वेटोळ्याची जागा एमआरआयवर मिलिमीटरच्या हिशेबाने धरणे, हे सगळे नीट केले तरच नोंदीला किंमत. नाही तर आकडा सुबक येतो आणि चुकीचा असतो.

दुसरी अडचण थेट रुग्णाशी निगडित. झटका मेंदूच्या मेलेल्या भागावर पडला तर उत्तर येणारच नाही. त्यावरून ‘जाणीव नाही’ म्हणणे म्हणजे माठाचा फुटका काठ वाजवून सगळा माठ टाकून देणे. अपघाताच्या रुग्णांत अनेकदा कवटीचा तुकडा काढलेला असतो, आत धातूची क्लिप असते, फिट येत असतात. अशांना चुंबक लावताना सावधगिरी लागते, काहींना लावताच येत नाही. ज्या सिद्धांतातून हा आकडा सुचला त्यावरही वाद आहे. २०२३ मध्ये शंभराहून अधिक संशोधकांनी त्याला जाहीर पत्रात छद्मविज्ञान म्हटले. आकडा रुग्णांवर वेगळा पडताळला गेला आहे, त्यामुळे सिद्धांत पडला तरी तो आपोआप पडत नाही. तरीही उंच आकडा ‘आहे’ म्हणायला भक्कम आधार देतो, आणि खालचा आकडा ‘नाही’ म्हणायला पुरत नाही, हा फरक विसरून चालणार नाही.

एक गैरसमज आताच दूर केलेला बरा. नैराश्यासाठी महानगरांतील दवाखाने चुंबकीय उपचाराची जाहिरात करतात. तो उपचार खरा आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्यासाठी त्याला २००८ मध्ये मान्यता दिली. चुंबक तेच असले तरी ते मेंदूला विचारणे नव्हे. तिथे ठरावीक जागी हजारो झटके देऊन मेंदूची सवय बदलण्याचा प्रयत्न असतो. त्या यंत्राच्या फोटोखाली ‘कोमातील रुग्णांसाठी’ असे लिहिलेले कुठे दिसले, तर नातेवाइकांनी खिशावर हात ठेवावा.

केईएमची खाट आणि कायद्याची मेज

महाराष्ट्राने हा प्रश्न एका खाटेभोवती चार दशके पाहिला आहे. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी हल्ला झाला. गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला, आणि १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत त्या त्याच रुग्णालयात होत्या. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये तीन डॉक्टरांची समिती नेमली. समितीने तपासून सांगितले, की त्या मेंदूमृत नाहीत, कोमात नाहीत, कायमस्वरूपी वनस्पतिवत अवस्थेचे बहुतेक निकष मात्र पूर्ण होतात. वर्षानुवर्षे शुश्रूषा करणाऱ्या परिचारिकांचे म्हणणे होते, की त्यांना आवडनिवड आहे, त्या प्रतिसाद देतात. दोन्ही बाजूंची साधने एकच होती: डोळे आणि सहवास. पीसीआय हा आकडा जगापुढे आला तो निकालानंतर दोन वर्षांनी.

तेव्हा निर्णय दिल्लीत झाला. आता तो अकोल्यातही होऊ शकतो. ९ मार्च २०१८ च्या निकालाने सन्मानाने मरण्याचा हक्क मान्य केला आणि २४ जानेवारी २०२३ च्या सुधारणेने प्रक्रिया सुटसुटीत केली. त्यानुसार रुग्णालयातील तीन डॉक्टरांचे प्राथमिक मंडळ आणि त्यावर तीन डॉक्टरांचे दुय्यम मंडळ कृत्रिम उपचार थांबवण्याबाबत मत देते. दुय्यम मंडळात एक डॉक्टर जिल्ह्याच्या वैद्यकीय प्रमुखाने नेमलेला असतो. हा बदल स्वागतार्हच आहे. कुटुंबाला न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागू नयेत. पण मंडळ जिल्ह्यात आले आणि जाणीव तपासण्याची शिस्त मात्र आली नाही, तर शंभरात ४१ वाली चूक इथेच, कोणाच्या लक्षात न येता होईल. चूक उलटीही होते. काहीच शिल्लक नसताना ‘ऐकतो आहे’ या आशेवर वावर विकले जाते.

पाच वेळा, त्याच्या बोलीत

२००९ मध्ये त्या अठरा जणांना शोधून काढणारा गुणतक्ता हा कागद आहे, यंत्र नव्हे. ऐकणे, पाहणे, हालचाल, तोंडाची क्रिया, संवाद आणि जागेपणा असे सहा भाग, २३ गुण, साधारण अर्धा तास. मेंदूची ही अवस्था दिवसभरात चढते-उतरते, म्हणून दोन आठवड्यांत किमान पाच वेळा तपासल्याशिवाय निदान पक्के धरू नये, असे २०१७ च्या अभ्यासात दिसले. नजरेचा माग तपासायला बोट किंवा पेन फिरवण्याऐवजी आरसा धरला तर जास्त रुग्ण नजर फिरवतात. माणसाला स्वतःचा चेहरा लवकर ओढून घेतो. दहा-वीस रुपयांचा आरसा.

सर्वोपचार रुग्णालय आणि अमरावतीची शासकीय रुग्णालये यांना हे उद्यापासून करता येईल. गुणतक्त्यातील सूचना वऱ्हाडीत आणि कोरकूत लिहून घ्याव्यात, आणि त्या देताना घरचे माणूस शेजारी असावे. पांढऱ्या कोटातल्या परक्या आवाजापेक्षा ‘बापू’ म्हणणाऱ्या आवाजाला उत्तर मिळण्याची शक्यता अधिक. आईला पहाटे दिसलेली हालचाल आज ‘तुम्हाला वाटले असेल’ म्हणून सोडून दिली जाते. तिच्या मोबाइलवरची चित्रफीत, तारीख-वेळेसह, रुग्णपत्रिकेत नोंदली गेली तर डॉक्टरला कोणत्या वेळी तपासायला यायचे हे तरी कळेल. दुय्यम मंडळाने या पाच नोंदी आणि किमान एक ईईजी समोर असल्याशिवाय मत देऊ नये, एवढे एक परिपत्रक आरोग्य विभागाला काढता येण्यासारखे आहे.

अमरावती जिल्ह्यानेच साध्या माणसांच्या बळावर मोठे काम होऊ शकते हे दाखवले आहे. नैराश्यासाठी तीस गावांत गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी राबवलेल्या ‘विश्राम’ उपक्रमाचे निष्कर्ष २०१७ मध्ये ‘लॅन्सेट सायकियाट्री’ने छापले. उपचारापर्यंत पोहोचणाऱ्या नैराश्यग्रस्तांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले होते. प्रश्न वेगळा आहे, पण परिचारिका आणि फिजिओथेरपिस्ट यांना अर्ध्या तासाचा गुणतक्ता शिकवणे त्याहून अवघड नसावे.

यंत्राची गरज त्यानंतर उरते, आणि ती नाकारता येत नाही. पाच वेळा तपासूनही शून्य उत्तर देणाऱ्या रुग्णांसाठी विदर्भात एक जागा असावी, आणि ती नागपुरातच सोयीची. जिल्ह्याजिल्ह्याला वेटोळे खरेदी करून ते कुलूपबंद खोलीत ठेवण्यापेक्षा नीट शिकलेली चार माणसे असलेले एक केंद्र बरे. तिथे होणाऱ्या नोंदी संशोधन म्हणून, आचारसमितीच्या देखरेखीखाली आणि रुग्णाकडून पैसे न घेता व्हाव्यात.

तोवर वॉर्डात एक सवय बदलता येईल. प्रतिसाद नसलेल्या रुग्णाचा आखडलेला हात फिजिओथेरपीत ओढताना किंवा पाठीवरची जखम धुताना वेदनाशामक अनेकदा दिले जात नाही, कारण ‘त्याला कुठे कळते’. ४३ पैकी ९ हा आकडा माहीत असलेल्या डॉक्टरने ते लिहून द्यावे, आणि त्याच खाटेच्या पायथ्याशी उभे राहून ‘आता काही उरले नाही’ हे वाक्य बोलू नये. ते बाहेर, व्हरांड्यात बोलता येते.